आयआरसी चॅनेलला जोडायचं आहे : हेक्सचॅट, होस्टेलचं वायफाय आणि एरर ४७७

सीताबर्डी_शेल
नमस्कार मंडळी. आयआरसी म्हणजे लिहून गप्पा मारायचं जुनं जाळं, त्यातल्या ओएफटीसी नेटवर्कवरच्या #डेबियन-इन आणि लिबेरा नेटवर्कवरच्या काही चॅनेलना (गप्पांच्या खोल्यांना) जोडायचं आहे. लॅपटॉपवर उबंटू आहे, क्लायंट हेक्सचॅट, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा आकडा) ६६६७ टाकला आहे. होस्टेलच्या वायफायवर दोन्ही सर्व्हर लागून नाही राहिले. बराच वेळ 'कनेक्टिंग' दिसते आणि मग टाइमआउट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लागतात, पण लिबेरावरच्या एका चॅनेलमध्ये शिरताना ४७७ ही एरर येते. ब्राउझरमधून लिबेराचं वेबचॅट मात्र होस्टेलमध्येही उघडते. काय काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, ते कोणी सांगेल का? मराठीत लिहिलं तर समोरच्याला नीट दिसेल का, हेही सांगा.

खामला_कर्नल
भाऊ, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टाइमआउट हा नेटवर्कचा, ४७७ हा ओळखीचा. एकत्र सोडवायला गेलात तर दोन्ही सुटत नाहीत. नेटवर्कचं अंबाझरी_बाइट चांगलं सांगतील, मी ओळखीचं लिहितो.

आधी एक गोष्ट. या विभागाच्या नियमाप्रमाणे आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या रोमन लिपीतच करायच्या. आणि स्लॅश हे ओळीचं पहिलंच चिन्ह पाहिजे. त्याच्या आधी एक स्पेस जरी पडली तर क्लायंटला ती आज्ञा वाटत नाही, साधं बोलणं समजून तो ती ओळ चॅनेलमध्ये पाठवतो. ओळीत पासवर्ड असेल तर तो चॅनेलमधल्या सगळ्यांना दिसतो आणि आयआरसीवर पाठवलेली ओळ परत घेता येत नाही. म्हणून पासवर्डची कोणतीही आज्ञा सर्व्हरच्या खिडकीत द्यायची, चॅनेलच्या खिडकीत कधीच नाही. तरी असं झालंच, तर लगेच निकसर्व्हला (नेटवर्कवरची खाती सांभाळणारी सेवा) /एमएसजी निकसर्व्ह सेट पासवर्ड नवापासवर्ड पाठवून तो बदला.

आता क्रम. आधी सर्व्हर, मग ओळख, मग चॅनेल. बहुतेक लोक मधली पायरी गाळून थेट चॅनेलवर जातात आणि दारातून परत येतात. ४७७ चा अर्थ एवढाच की त्या चॅनेलला +आर मोड लावलेला आहे, निकसर्व्हकडे लॉगिन नसलेल्याला आत घेत नाहीत. तुम्हाला कोणी बॅन केलेलं नाही. बॅन असता तर ४७४ आलं असतं, आमंत्रणाशिवाय प्रवेश नसता तर ४७३, चॅनेलला पासवर्ड असता तर ४७५. आकडा वाचायची सवय लावा, अर्धं काम तिथंच होते.

लिबेरावर खातं असं काढा. हवं ते निक (टोपणनाव) घेऊन आयआरसी.लिबेरा.चॅट ला जोडा, कोणत्याही चॅनेलमध्ये जाऊ नका. मग
/एमएसजी निकसर्व्ह रजिस्टर पासवर्ड ईमेल
ज्या निकनं हे लिहाल त्याच नावाचं खातं बनते. निक १६ अक्षरांपर्यंत, आकड्यानं सुरू होणारं चालत नाही, देवनागरीही चालत नाही, ४३२ येते. ईमेलवर एक तयार आज्ञा येते : व्हेरिफाय रजिस्टर, पुढे तुमचं निक, पुढे कोड. ती जशीच्या तशी कॉपी करून टाका. इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅम बघा. एका दिवसाच्या आत हे करा, नाहीतर खातं उडून जाते.

मग हेक्सचॅटच्या नेटवर्क यादीत लिबेरा निवडून 'एडिट'. सर्व्हरची नोंद आयआरसी.लिबेरा.चॅट, स्लॅश, ६६९७ अशी ठेवा. 'या नेटवर्कच्या सगळ्या सर्व्हरसाठी एसएसएल वापरा' यावर टिक (एसएसएल म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी). 'अवैध प्रमाणपत्र चालेल' यावरची टिक काढा. 'ग्लोबल माहिती वापरा' हीही काढा, म्हणजे युजरनेमचा रकाना उघडतो, त्यात खात्याचं नाव. लॉगिन पद्धत 'सॅसल प्लेन' आणि खाली पासवर्ड.

सॅसलवर माझा जोर आहे त्याला कारण आहे. नंतर आयडेंटिफाय (निकसर्व्हला पासवर्ड देऊन लॉगिन) करण्याच्या पद्धतीत तुम्ही आधी आत येता आणि मागून ओळख पटते. तोवर ऑटोजॉइन (आपोआप चॅनेलमध्ये शिरणं) होऊन गेलेलं असते, +आर चॅनेल नाकारते, आणि जो घेते तिथं तुमचा आयपी पत्ता सगळ्यांना दिसतो. सॅसलमध्ये सर्व्हरनं स्वागताचा ००१ पाठवण्याआधीच लॉगिन झालेलं असते. क्लोक (आयपी पत्ता झाकणारं नाव) हवा असेल तर खातं तयार झाल्यावर #लिबेरा-क्लोक मध्ये जाऊन !क्लोकमी लिहा.

ओएफटीसीचं खातं वेगळं, लिबेराचं तिथं चालत नाही. रजिस्टरची आज्ञा तशीच आहे. आयडेंटिफायमध्ये मात्र फरक आहे : लिबेरावर आधी निक मग पासवर्ड, ओएफटीसीवर आधी पासवर्ड मग निक. उलटं झालं की 'चुकीचा पासवर्ड' येते आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. ओएफटीसीसाठी हेक्सचॅटमध्ये लॉगिन पद्धत 'निकसर्व्ह' ठेवा. चॅनेलमध्ये शिरण्याआधी हेक्सचॅट ५ सेकंद थांबतो. हळू नेटवर ते कमी पडतात, /सेट आयआरसी_जॉइन_डिले १० करून टाका. आयपी झाकायला /एमएसजी निकसर्व्ह सेट क्लोक ऑन.

आणि ६६६७ सोडाच. तिथं सगळं उघडं जाते, पासवर्डसकट. होस्टेलच्या वायफायवर तर नकोच.

अंबाझरी_बाइट
नेटवर्कचं मी सांगतो. अंदाज नको, तपासून बघा. टर्मिनलमध्ये
एनसी -व्हीझेड आयआरसी.ओएफटीसी.नेट ६६९७
'सक्सीडेड' आलं तर वाट मोकळी आहे, चूक क्लायंटच्या सेटिंगमध्ये शोधा. 'रिफ्यूज्ड' आलं तर पलीकडून कोणीतरी नाही म्हटलं, बहुधा पोर्टचा आकडा चुकला. नुसतं थांबून टाइमआउट झालं तर होस्टेलचं फायरवॉल पॅकेट गिळून राहिलं. कॉलेजांच्या नेटवर्कवर हे सर्रास असते. बाहेर जायला ८० आणि ४४३ उघडे ठेवतात, बाकी बंद. म्हणूनच तुमचं वेबचॅट चालते, ते ४४३ वरून जाते.

६६९७ बंद असेल तर ओएफटीसीसाठी ९९९९ आणि लिबेरासाठी ७००० किंवा ७०७० बघा. हे सगळे एन्क्रिप्टेड पोर्ट आहेत, एसएसएलची टिक तशीच राहू द्या. पोर्ट आणि टिक यांची जोडी मोडली की जोडणी होत नाही : ६६९७ वर टिक नसेल तर बहुधा काहीच येत नाही आणि थोड्या वेळानं लाइन तुटते, ६६६७ वर टिक असेल तरी लागत नाही. लोक त्याला नेटचा दोष समजतात.

सगळेच बंद निघाले तर आडमार्ग काढू नका, लॅबच्या सरांना लेखी अर्ज द्या. अर्जात 'आयआरसी चालू करा' एवढंच लिहिलं तर तो पडून राहतो. असं लिहा : फक्त बाहेर जाणारं टीसीपी, पोर्ट ६६९७, आयआरसी.लिबेरा.चॅट आणि आयआरसी.ओएफटीसी.नेट या दोन नावांसाठी, बाहेरून आत येणारं काहीही नको. फायरवॉल सांभाळणाऱ्याला एका ओळीत नियम करता येतो, म्हणून मंजुरी लवकर मिळते.

प्रमाणपत्राची एरर आली तर आधी लॅपटॉपची तारीख बघा. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जाते आणि चांगलं प्रमाणपत्रही 'अजून सुरूच झालं नाही' म्हणून नाकारलं जाते.

सीताबर्डी_शेल
खूप खूप धन्यवाद दोघांना. होस्टेलमध्ये ६६९७ टाइमआउट, पण ९९९९ आणि ७००० दोन्ही उघडे निघाले. सॅसल लागलं, ४७७ गेलं. आता जोडताना 'नो आयडेंट रिस्पॉन्स' दिसते आणि हूइजमध्ये (माणसाची माहिती दाखवणारी आज्ञा) माझ्या युजरनेमच्या आधी एक ~ चिन्ह येते. हे दुरुस्त करायचं का?

खामला_कर्नल
नाही. आयडेंट ही जुन्या काळची सोय आहे, एका मशीनवर अनेक जण काम करायचे तेव्हा कोण बोलतंय हे सर्व्हर त्या मशीनलाच विचारायचा. तुमच्या लॅपटॉपवर उत्तर द्यायला कोणी बसलेलं नाही, म्हणून ~ लागते. त्यानं काही अडत नाही.

निकच्या मागे आपोआप _ लागलेलं दिसलं तर मात्र लक्ष द्या. वायफाय तुटलं की सर्व्हरला ते लगेच कळत नाही. तो पिंग पाठवतो, पाँग आलं नाही की काही मिनिटांनी जुनं सत्र काढतो. तोवर तुमचं निक त्या मेलेल्या सत्राकडे असते आणि ४३३ येते. लिबेरावर लॉगिन झालेलं असेल तर /एमएसजी निकसर्व्ह रिगेन निक लिहा, लगेच परत मिळते.

धंतोली_लिपी
मराठीचा प्रश्न राहून गेला, तो महत्त्वाचा आहे.

दिसेल, पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ पाहिजे. हेक्सचॅटच्या नेटवर्क एडिटमध्ये खाली तो रकाना आहे, तिथं दुसरं काही असेल तर समोरच्याला प्रश्नचिन्हं दिसतात. टर्मिनलवरचे इर्सी किंवा वीचॅट वापरत असाल तर लोकेलही (सिस्टिमची भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ हवं. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि कर्सर एक-दोन घरं सरकतो. मजकूर मात्र बरोबरच गेलेला असतो. मराठी जास्त लिहायचं असेल तर ग्राफिकल क्लायंट बरा.

दुसरी गोष्ट लांबीची. यार्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात १९८८ मध्ये आयआरसी लिहिलं. १९९३ च्या आरएफसी १४५९ या नियमांच्या दस्तऐवजात एका संदेशाची मर्यादा ५१२ बाइट, ओळ संपवणारी दोन चिन्हं धरून, अशी नोंदली आहे. ती आजही लागू आहे. रोमन अक्षराला १ बाइट लागते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'नमस्कार' बघा : न, म, स, हलन्त, क, काना, र. सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट.

त्यात तुमचा संदेश इतरांना पोचवताना सर्व्हर पुढे तुमचं निक, युजरनेम, होस्ट आणि चॅनेलचं नाव जोडतो, तेही त्याच ५१२ मध्ये बसायला लागते. उरतात साधारण ४०० ते ४५०. म्हणजे मराठीचे वीसेक शब्द. बहुतेक क्लायंट मोठी ओळ आपोआप तोडून दोन संदेश करतात. काही वेबचे आणि मोबाइलचे क्लायंट तोडत नाहीत, तेव्हा शेपूट सर्व्हरवर कापलं जाते. तुमच्या स्क्रीनवर वाक्य पूर्ण दिसते, समोरच्याला अर्धंच. म्हणून मराठीत छोटी वाक्यं लिहा, प्रत्येक वाक्याला एंटर. पण एका दमात धडाधड पाठवू नका, 'एक्सेस फ्लड' म्हणून सर्व्हर बाहेर काढतो. एररचा मजकूर तीन ओळींपेक्षा मोठा असेल तर पेस्ट.डेबियन.नेट वर टाका आणि चॅनेलमध्ये दुवा द्या.

आणि चॅनेलची भाषा आधी बघा. #डेबियन-इन मध्ये देशभरातले लोक असतात, तिथं प्रश्न इंग्रजीत विचारला तर उत्तर देणारे जास्त मिळतील. मराठी स्थानिकीकरणाचे शब्द विचारायचे असतील तर देवनागरी खुशाल वापरा.

गोरेवाडा_ग्रेप
एक भर. नेटवर शोधलं की कित्येक पानं अजून फ्रीनोड या जुन्या आयआरसी नेटवर्कचा पत्ता देतात. मे २०२१ मध्ये तिथले स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा सुरू केलं आणि बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प तिकडे गेले. डेबियन त्याच्याही आधी, २००६ मध्येच ओएफटीसीवर गेलं होतं, आयआरसी.डेबियन.ऑर्ग तिकडेच नेते. ओपनस्ट्रीटमॅपही ओएफटीसीवर आहे. तसंच लिबेरा आणि मॅट्रिक्स या गप्पांच्या दुसऱ्या जाळ्याला जोडणारा मॅट्रिक्सचा मोठा पूल २०२३ मध्ये बंद झाला, त्यामुळे 'मॅट्रिक्सवरून जोडा' असं सांगणारी जुनी पानंही धरू नका. पत्ता नेहमी प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या.

बैठकांच्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, साडेपाच तास मिळवा. १४:०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ७:३०. यूटीसीत ठरलेली बैठक वर्षभर त्याच वेळी असते. युरोपच्या स्थानिक वेळेत ठरलेली मात्र मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर आपल्यासाठी एक तास सरकते.

प्रश्न विचारण्याबद्दल : 'कोणी आहे का?' लिहून थांबू नका. काय केलं, काय अपेक्षित होतं, कोणती एरर आली, हे एकदम लिहा आणि चॅनेलमध्येच राहा. इथं ज्याला उत्तर माहीत आहे तो चार तासांनी स्क्रीनकडे बघतो. तोवर तुम्ही निघून गेलेले असाल तर त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचतच नाही, कारण साध्या आयआरसीत मागचं बोलणं साठवून ठेवलेलं नसते. मला वाटते, नवीन मंडळींचा आयआरसीवरचा विश्वास उडतो तो यामुळेच. लोक उत्तर देत असतात, ऐकायला कोणी उरलेलं नसते. #डीजीप्लग या लिनक्स गटाच्या प्रशिक्षण सत्रांत प्रश्न असेल तर आधी नुसतं ! टाइप करून आपली पाळी येईपर्यंत थांबतात. ही रीत आपल्या इथल्या भेटींनीही घ्यावी अशी आहे.

कॉलेजमध्ये कार्यशाळा ठेवणाऱ्यांसाठी : तीस मुलं एकाच वायफायवर म्हणजे बाहेरून एकच आयपी. एका पत्त्यावरून किती जोडण्या घ्यायच्या याला नेटवर्कची मर्यादा असते. पहिले काही जण आत जातात आणि बाकीच्यांना 'टू मेनी होस्ट कनेक्शन्स' येते. नेटवर्कच्या कर्मचाऱ्यांना काही दिवस आधी आयपी, तारीख, वेळ आणि संख्या कळवा, ते तेवढ्यापुरती मर्यादा वाढवतात. ऐन वेळी अर्ध्या वर्गाला हॉटस्पॉटवर टाकणं हा शेवटचा उपाय.

सीताबर्डी_शेल
ताई, चॅनेलमध्ये सतत राहायचं तर लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवायचा का?

वऱ्हाडी_पेंग्विन
नाही बे, त्यासाठी बाउन्सर असते. तो सर्व्हरला जोडून बसतो, तुम्ही येऊन जाऊन राहिले तरी चॅनेलमध्ये तुमचं निक कायम, आणि आल्यावर मागचं बोलणं वाचायला मिळते. बाउन्सरमध्ये झेडएनसी सोपं आहे. डेबियनवर पॅकेज टाका, रूट म्हणून नाही, साध्या युजरनं झेडएनसी --मेककॉन्फ चालवा, तो एकेक प्रश्न विचारत जाते. बफर (मागच्या बोलण्याचा साठा) मुळात ५० ओळींचा असतो, बोलक्या चॅनेलसाठी ३०० करा. मग सॅसल मॉड्यूल लोड करा आणि /एमएसजी *सॅसल सेट खातं पासवर्ड. हेक्सचॅटमध्ये मग लिबेराच्या जागी झेडएनसीचा पत्ता, आणि सर्व्हर पासवर्डच्या जागी 'युजर/नेटवर्क:पासवर्ड' असं सलग, मध्ये स्पेस नको. फोनवर गोगुमा हा क्लायंट वापरायचा असेल तर सोजू हा दुसरा बाउन्सर बघा, त्या दोघांचं चांगलं जमते.

ठेवायचा कुठं? घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसतं 'पाय') चालते, पण नागपुरात दोन गोष्टी बघा. मे महिन्यात बंद खोलीतच चाळीसच्या वर पारा असते. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांवर गेला की वेग कमी करतो. झेडएनसीचं काम अगदी हलकं आहे, त्यानं तापत नाही, पण राउटरच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या मागं ठेवला तर तापते. हीटसिंक लावा आणि मोकळ्या हवेत ठेवा. दुसरी गोष्ट लाइट. जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली की नुसता पाय इन्व्हर्टरवर असून भागत नाही, फायबरचा डबा आणि राउटरही त्याच बोर्डवर पाहिजे. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळते, पण घेण्याआधी डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. पायला ५ व्होल्ट लागतात, पाय ४ ला ३ अँपिअरपर्यंत. त्याला चुकूनही १२ ची पिन नको. लाइट जाता-येता एसडी कार्ड खराब होते, म्हणून झेडएनसीच्या कॉन्फिग फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा.

घरच्या पायला बाहेरून जोडायचं तर आणखी एक अडचण. बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता नसतो, कंपनी शेकडो घरं एका पत्त्यामागे ठेवते. तिथं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी लागत नाही. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी १०० नं सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर समजून जा. मग वायरगार्डसारखं व्हीपीएन, किंवा सरळ व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा छोटा दूरचा सर्व्हर. व्हीपीएसवरून लिबेरा काही पत्त्यांच्या गटांना सॅसलशिवाय घेतच नाही, म्हणून खातं आधी घरून किंवा मोबाइलवरून काढून ठेवायचं.

सीताबर्डी_शेल
भाऊ, झेडएनसी चालू झालं. पोर्ट ६६९७ दिला. हेक्सचॅटमधून लागते, पण त्याचं वेब अॅडमिनचं पान फायरफॉक्समध्ये उघडून नाही राहिलं, 'हा पत्ता प्रतिबंधित आहे' म्हणते. फायरवॉल तर मोकळं आहे.

अंबाझरी_बाइट
फायरवॉलचा संबंध नाही. आयआरसीचे नेहमीचे पोर्ट ब्राउझर स्वतःच अडवतात, कारण वेबपानाच्या आडून आयआरसी सर्व्हरला आज्ञा पाठवण्याचे प्रकार होत असत. झेडएनसीचा पोर्ट बदलून पाच आकडी करा, १० हजारांच्या वरचा, पण १००८० सोडून (तोही ब्राउझर अडवतात) आणि ६० हजारांच्या खाली. हेक्सचॅटमध्येही तोच टाका. पत्ता एचटीटीपीएसनं उघडा. प्रमाणपत्र झेडएनसीनं स्वतः बनवलेलं आहे, म्हणून ब्राउझर एकदा इशारा देईल. हेक्सचॅटही ते नाकारेल. 'अवैध प्रमाणपत्र चालेल' ची टिक फक्त या झेडएनसीच्या नोंदीत द्या, लिबेरा आणि ओएफटीसीच्या नोंदींत नाही.